पाणी शहराचं, रान रँचवाल्याचं: सॅन अँटोनियोचा ईझमेंटचा व्यवहार

२००० ते २०२० या वीस वर्षांत बहुतेक काळ अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनियो शहरात १०० डॉलरची खरेदी केली की त्यातले साडेबारा सेंट विक्रीकरातून एका वेगळ्या खात्यात जायचे. त्या पैशातून शहराने धरण बांधलं नाही, जलवाहिनीही टाकली नाही. शहराच्या पश्चिमेला, कोसो दूर, गाई आणि शेळ्या चरतात त्या माळरानांवर त्यातला मोठा भाग खर्च केला. जमीन मात्र बहुतेक ठिकाणी विकत घेतली नाही. मालक तोच, गुरं त्याचीच, कुंपण आणि कुलूपही त्याचंच. शहराने विकत घेतला तो फक्त त्या जमिनीवर वसाहत उभी करण्याचा हक्क, आणि घेऊन तो कायमचा मिटवून टाकला.

याला तिथे कॉन्झर्व्हेशन ईझमेंट म्हणतात. आपल्याकडे ईझमेंटला कायद्याच्या मराठीत ‘सुविधाधिकार’ म्हणतात. १८८२ च्या कायद्यातला हा शब्द आपल्याला भेटतो तो बांधावरून जाण्याच्या वाटेच्या किंवा पाटाच्या पाण्याच्या भांडणात. तिथे एका जमिनीला शेजारच्या जमिनीवर हक्क मिळतो. शेजारी जमीन नसलेल्या संस्थेला असा हक्क आपल्या कायद्यात बसत नाही. अमेरिकेतल्या जुन्या कायद्यातही तो धड बसत नव्हता. म्हणून १९८१ मध्ये राज्यांसाठी एक नमुना कायदा तयार झाला आणि एकेका राज्याने आपापला कायदा केला. टेक्सासमध्ये तो नैसर्गिक संसाधन संहितेच्या १८३ व्या प्रकरणात आहे. सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचा बोजा चढतो, तसा हा बोजा काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) दप्तरात नोंदला जातो. फरक एवढाच की हा कर्ज फेडून उतरत नाही. जमीन विकली, वाटणी झाली, मालक दिवाळखोर झाला, तरी तो जमिनीबरोबर चालतो.

पुण्यामुंबईच्या वाचकाला टीडीआर माहीत असतो, म्हणून आणखी एक फरक. टीडीआरमध्ये एका जागेवर नाकारलेला बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागेवर जाऊन बसतो. इथे तो कुठेच जात नाही. आणि टेकडीवर आरक्षण टाकावं तसं हे वरून लादलेलंही नसतं. रँचवाला, म्हणजे चराऊ रानाचा मालक, नाही म्हणाला, की विषय संपला.

पाणी नेमकं कुठून येतं

शहर इतक्या लांबच्या रानात का गुंतलं, हे कळायला जमिनीखालचा दगड बघावा लागतो. सॅन अँटोनियोचा मुख्य जलस्रोत म्हणजे एडवर्ड्स जलधर, म्हणजे चुनखडीच्या खडकात साठलेलं पाणी. पिण्याच्या पाण्याचा एकमेव स्रोत म्हणून १९७५ मध्ये केंद्र सरकारने त्याला संरक्षण दिलं, आणि देशात असा दर्जा मिळालेला तो पहिलाच जलधर. आज शहराने इतरही स्रोत जोडले आहेत, तरी मोठा वाटा याचाच.

या जलधराचे तीन पट्टे आहेत. उत्तरेच्या टेकड्यांत पाऊस पडतो आणि ओढ्यांना लागतो, तो पाणलोटाचा पट्टा. मग हे ओढे बाल्कोनेस भ्रंशरेषेजवळ उघड्या, फुटलेल्या चुनखडीवरून जातात आणि चक्क गायब होतात. फ्रिओ, सबिनल, होंडो, सेको यांच्या पात्रांत हे डोळ्यांनी दिसतं: वर वाहतं पाणी, खाली कोरडे गोटे. हा पुनर्भरणाचा पट्टा. त्याच्या दक्षिणेला खडकाखाली दाबलेलं पाणी असतं आणि शहराच्या विहिरी तिथे आहेत. जमिनीखाली पाणी साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतं. म्हणून मेदिना आणि युवॅल्डी काउंटीतल्या रँचवर मुरलेलं पाणी पुढे शहराच्या नळाला येतं, आणि त्याहीपुढे कोमाल आणि सॅन मार्कोसच्या झऱ्यांतून बाहेर पडतं.

आपल्या बेसाल्टमध्ये पाणी भेगांतून, मुरमातून हळूहळू झिरपतं आणि वाटेत थोडंफार गाळलं जातं. इथल्या चुनखडीत गुहा, विवरं, पोकळ्या आहेत. ओढ्यातलं पाणी त्यात पडलं की गाळणी नावाची गोष्ट राहत नाही. वर घरं, रस्ते आणि पार्किंग आलं की दोन्ही बाजूंनी मार बसतो. मुरणारं पाणी डांबरावरून वाहून जातं, आणि जे मुरतं ते तेल, खत, कीटकनाशक घेऊन मुरतं. गवताने धरलेली जमीन हा इथे सर्वांत स्वस्त जलशुद्धीकरण प्रकल्प आहे.

पैसा

२००० साली मतदारांनी एक-अष्टमांश सेंटचा कर मंजूर केला, त्यातून जलधरासाठी ४ कोटी ५० लाख डॉलर. २००५ मध्ये ९ कोटी, २०१० मध्ये पुन्हा ९ कोटी, २०१५ मध्ये १० कोटी. एकूण ३२ कोटी ५० लाख. पहिल्या फेरीत शहराने आपल्याच, म्हणजे बेअर काउंटीच्या हद्दीतली जमीन सरळ विकत घेतली आणि त्यातली काही गव्हर्नमेंट कॅनियन या राखीव क्षेत्राला जोडून घेतली. पण शहरालगतची जमीन महाग. शिवाय विकत घेतली की कुंपण, वणवा, घुसखोरी, सगळं पालिकेच्या गळ्यात. २००५ नंतर काउंटीबाहेर खर्च करायची वाट खुली झाली आणि मोर्चा ईझमेंटकडे वळला. मालक जागेवर राहतो आणि राखण आपोआप होते. या हिशेबामुळेच २०२० पर्यंत १ लाख ६० हजार एकरांच्या आसपास जमीन संरक्षणाखाली आली. म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा जास्त क्षेत्र.

अनुदानं वरून जोडता येतात. केंद्राच्या कृषी खात्याची एक योजना शेतजमिनीवरच्या ईझमेंटच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत रक्कम देते. विशेष पर्यावरणीय महत्त्वाचं गवताळ रान असेल तर ७५ टक्क्यांपर्यंत. टेक्सास राज्याचीही २००५ पासून शेती आणि रँच जमिनींसाठी योजना आहे, ती आता राज्याच्या उद्यान आणि वन्यजीव खात्याकडे आहे. कधी पैसा अगदी अनपेक्षित दारातून येतो. ब्रॅकन गुहेत उन्हाळ्यात दीड-दोन कोटी वटवाघळं असतात. तिच्या शेजारच्या १,५२१ एकरांवर सुमारे ३,५०० घरं होणार होती. २०१४ मध्ये ती जमीन २ कोटी ५ लाख डॉलरला घेतली गेली. ही सरळ खरेदी होती, पण पैसा कसा जुळतो ते बघण्यासारखं आहे. शहर, काउंटी, जलधर प्राधिकरण, निसर्ग संस्था आणि अमेरिकेचं लष्कर, सगळ्यांनी हात घातला. लष्कर का? तर जवळच्या कॅम्प बुलिस या तळावर सराव करता यावा म्हणून सोनेरी गालांच्या वार्बलर पक्ष्याचा अधिवास दुसरीकडे राखणं त्यांना गरजेचं होतं. हा पक्षी घरटं बांधतो ते मध्य टेक्सासमध्येच, आणि त्यासाठी जुनिपरच्या जुन्या झाडांची सोललेली साल लागते.

अनेक दारांच्या पैशाचा तोटा म्हणजे प्रत्येक दार आपली अट घालतं. केंद्राचा पैसा आला की दस्तात केंद्राला अंमलबजावणीचा हक्क लिहावा लागतो, आणि काही मालक त्यावरच उठून जातात.

किंमत कशी काढतात

किंमत निघते दोन मूल्यांकनांच्या वजाबाकीतून: बंधन नसताना जमीन कितीला जाईल, आणि बंधन घातल्यावर कितीला. आकडे समजण्यापुरते धरू. २,००० एकरांची रँच, एकरी ४,००० डॉलरने ८० लाख. बंधनानंतर एकरी २,२०० ने ४४ लाख. ईझमेंटची किंमत ३६ लाख. शहर यातले समजा २७ लाख रोख देतं आणि ९ लाख मालकाने दान केले असं धरलं जातं.

या ९ लाखांवर आयकरात वजावट मिळते. वर्षाला समायोजित उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपर्यंत, आणि उरलेली पुढची १५ वर्षं ओढता येते. ज्याचं निम्म्याहून जास्त उत्पन्न शेतीचं आहे त्याला १०० टक्क्यांपर्यंत. २०१५ अखेर ही सवलत कायम झाली. आता वर्षाला ६०,००० डॉलर कमावणारा रँचवाला घ्या. १०० टक्के धरले तर १६ वर्षांत ९ लाख ६० हजार, म्हणजे पूर्ण दान वापरलं जातं. ५० टक्के धरले तर ४ लाख ८० हजार, आणि जवळजवळ निम्मी वजावट वाया. एक पाचर आणखी आहे. ईझमेंट विकून झालेला नफा हे शेतीचं उत्पन्न नव्हे, असं टॅक्स कोर्टाने २०१७ मध्ये मेरीलँडमधल्या एका शेतजमिनीच्या खटल्यात सांगितलं. त्यामुळे ज्या वर्षी सौदा होतो, नेमक्या त्याच वर्षी माणूस ‘शेतकरी’ या व्याख्येतून बाहेर पडू शकतो. नफा फार मोठा असेल तर त्या वर्षी ५० टक्केही पुरतात. जमीन नुकतीच वारशाने आली असेल तर करापुरता नफाच किरकोळ असतो. मरण मधल्यांचं. करसल्लागाराकडे सौदा ठरल्यावर न जाता बोलणी सुरू होण्याआधी जायला हवं ते यासाठी.

मालमत्ता कर कमी होईल या आशेने कोणी येत असेल तर त्याला आधीच सांगावं. टेक्सासमध्ये चराऊ जमिनीवर कर बाजारभावाने लागत नाही, उत्पादनक्षमतेवर लागतो. तो आधीच इतका कमी असतो की ईझमेंटने त्यात फारसा फरक पडत नाही. राज्याला आयकर नाही, त्यामुळे कोलोरॅडोसारखी राज्याची करसवलतही नाही. खरा फायदा वारशाच्या वेळी. जमिनीची किंमत उतरलेली असते, त्यामुळे मोठ्या इस्टेटीवरचा केंद्रीय कर उतरतो, आणि काही अटींवर उरलेल्या किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत, कमाल ५ लाख डॉलर, आणखी वगळता येतात.

कागद

कामाचा क्रम साधारण असा. आधी नकाशावर जमिनींची क्रमवारी लागते: पुनर्भरण पट्ट्यात किती, ओढा किती लांब जातो, विवरं किती, तुकडा केवढा, शेजारी आधीच संरक्षित जमीन आहे का. मग मालकाशी बोलणं. मग भूशास्त्रज्ञ प्रत्यक्ष फिरून दगड बघतो. नकाशा छान आणि जमिनीवर चिकणमातीचा जाड थर, असंही निघतं, आणि तिथेच थांबलेलं बरं. त्यानंतर मोजणी, टायटल सर्च, जुनी तेलाची पिंपं किंवा औषधाची टाकी पुरली आहे का याची पाहणी, मूल्यांकन. शेवटी नागरिकांची सल्लागार समिती आणि नगर परिषदेची मंजुरी. वर्षभर सहज जातं.

सर्च रिपोर्टमध्ये दोन गोष्टी बघायच्या. पहिली, गहाणखत. बँकेचं कर्ज ईझमेंटच्या आधी नोंदलेलं असेल आणि उद्या बँकेने जप्ती आणली तर ईझमेंट पुसलं जातं. म्हणून बँकेकडून ‘आमचा बोजा ईझमेंटच्या मागे’ असं लेखी घेऊन त्याच दिवशी, त्याच टेबलावर नोंदवायचं. ‘नंतर आणून देतो’ चालत नाही. कोलोरॅडोतल्या एका रँचच्या दानात हे संमतिपत्र सुमारे दोन वर्षं उशिरा नोंदलं गेलं. कर्जाचा हप्ता एकदाही चुकला नव्हता, तरी वजावट पूर्ण नाकारली गेली, आणि २०१५ मध्ये अपील न्यायालयानेही ते कायम केलं.

दुसरी, खनिज हक्क. टेक्सासमध्ये जमिनीखालचं तेल आणि वायू एकाचे आणि वरचं गवत दुसऱ्याचं, हे सर्रास असतं. आजोबांनी जमीन विकताना खालचे हक्क ठेवून घेतले, आता ते तीन राज्यांत पसरलेल्या सतरा वारसांत वाटले गेलेत, असा मामला. आणि कायद्याने खालच्या हक्काचा मालक वरचढ, तो गरजेपुरती वरची जमीन वापरू शकतो. उपाय म्हणजे पृष्ठभाग न वापरण्याचा करार मिळवणं, नाहीतर भूशास्त्रज्ञाकडून अहवाल घेणं की इथे उघडी खाण होण्याची शक्यता नगण्य आहे. असा अहवाल नसेल तर करसवलत अडकते. चुनखडीचं मात्र वेगळं. ती वरच्या मालकाची, हे टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४९ मध्येच ठरवलं. त्यामुळे दगडखाणीवरची बंदी ईझमेंटच्या दस्तातच घालता येते, आणि खडीला मागणी असलेल्या या भागात ती घालायलाच हवी.

दस्ताची भाषा ही खरी कसोटीची जागा, आणि माझ्या मते इथे जितकी घाई होते तितकी कुठेच होत नाही. ‘शेतीविषयक वापर चालू राहील’ एवढं लिहून सोडलं की पंधरा वर्षांनी कोणीतरी कोंबड्यांच्या शेड किंवा बंदिस्त गोठा आणतो आणि तीही शेतीच म्हणतो. चरण म्हणजे काय, बंदिस्त खाद्यतळ नाही, हे स्पष्ट लिहायचं. घरांसाठी किती जागा, एकूण किती चौरस फूट छप्पर आणि पक्कं आच्छादन, आणि ती जागा नकाशावर अक्षांश-रेखांशांसह. ‘दोन घरांची मुभा’ एवढंच असेल तर दुसरं घर नेमकं ओढ्याच्या काठावर येतं, कारण तिथेच देखावा चांगला. जमिनीचे जास्तीत जास्त किती तुकडे करता येतील हा आकडाही हवा. दोन-तीन भावंडं असतील तर त्यांना समोर बसवूनच तो ठरवावा. तुकडाबंदी न सांगता घातली की पुढच्या पिढीचं पहिलं भांडण शहराशी होतं.

पाण्याबद्दल वेगळं कलम लागतं. टेक्सासमध्ये भूजल जमीनमालकाचं मानतात आणि ते जमिनीपासून सुटं करून विकता येतं. जमिनीवर घर बांधायचं नाही पण खालचं पाणी पाइपने विकायचं, ही पळवाट उघडी ठेवली तर सगळ्या सौद्याचाच पोपट होतो. विवरांभोवती औषध न फवारण्याचा पट्टाही नकाशासह लिहायचा.

शिकारीचा भाडेपट्टा मात्र मोकळा ठेवावा. टेकड्यांच्या या भागात एका गाईला वीस-पंचवीस एकर लागतात, आणि कित्येक रँचना गुरांपेक्षा हरणांच्या शिकारीचे पैसे जास्त मिळतात. ते उत्पन्न बंद केलं तर रँच चालणार नाही आणि मालक सही करणार नाही. गंमत म्हणजे या शिकारीत आपलं चितळही आहे. १९३२ मध्ये टेक्सासात आणलेलं चितळ आता मोकाट झालंय आणि स्थानिक हरणांचा चारा खातंय. ‘वन्यजीव राखावेत’ असं भोंगळ कलम लिहिलं तर तेही राखावं लागेल, तेव्हा ‘स्थानिक’ हा शब्द विसरू नये.

झुडपं तोडण्याचं कलम हा कायमचा वाद. मालकाला जुनिपर, स्थानिक भाषेत ‘सीडर’, काढून गवत वाढवायचं असतं. पाणीवाल्यांना तेही पटतं. पण तीव्र उतारावरून सगळं साफ केलं की माती धुऊन जाते, आणि जुनी झाडं गेली की वार्बलरचं घरटं गेलं. सरसकट बंदी किंवा सरसकट मुभा, दोन्ही चुकीचं. उतार, ओढ्यापासूनचं अंतर आणि झाडाचं वय यांवर ठरवावं.

सह्या झाल्यानंतर

सहीच्या आधी मूळ स्थितीचा अहवाल तयार हवा. हा एक प्रकारचा पंचनामा: प्रत्येक घर, रस्ता, विहीर, पाण्याची टाकी, कुंपण, विवर, गवताची अवस्था. ठरावीक बिंदूंवरून फोटो, बिंदूचे अक्षांश-रेखांश आणि कॅमेऱ्याची दिशा नोंदलेली, दोन्ही बाजूंच्या सह्या. दिशा लिहिली नाही तर दहा वर्षांनी त्याच बिंदूवर उभं राहून दुसरंच रान दिसतं, आणि रस्ता जुना की नवा हे कोर्टात सिद्ध होत नाही. मूल्यांकनाची तारीखही जपावी. दानाच्या ६० दिवसांहून आधीचं मूल्यांकन करसवलतीला चालत नाही. मंजुरी लांबली की ते नवीन करावं लागतं, आणि भाव बदललेला असतो.

मग दरवर्षी पाहणी. मालकाला आधी कळवून जायचं. पहिल्या मालकाच्या वेळी सहसा काही निघत नाही, त्याने स्वतः सही केलेली असते. उल्लंघनं होतात ती जमीन विकली गेल्यावर. शहरातून आलेला नवा मालक दस्त वाचत नाही, वकिलाने वाचला तरी सांगत नाही, आणि पहिल्याच उन्हाळ्यात टेकडीवर पाहुण्यांसाठी बंगला सुरू करतो. म्हणून विक्रीची आगाऊ सूचना देण्याचं कलम आणि नव्या मालकाशी महिन्याभरात भेट. नोटीस आणि कोर्ट यांच्यापेक्षा त्या एका भेटीने जास्त काम होतं.

एका गोष्टीपुढे ईझमेंट हात टेकतं: सक्तीचं भूसंपादन. वीजवाहिनी किंवा गॅसची पाइपलाइन आली तर ती संरक्षित रँचमधूनही जाऊ शकते. अशा वेळी भरपाईत शहराचा वाटा किती टक्के, हे दस्तात आधी लिहिलेलं असलं पाहिजे. आयकर खातं या एका वाक्याच्या शब्दरचनेवरून वजावटी नाकारत आलं आहे, तेव्हा तिथे जुना नमुना डोळे झाकून उतरवू नये. खात्याची नजर कडक होण्यामागे कारणही आहे: गुंतवणूकदारांचे गट करून फुगवलेल्या किमतीची ईझमेंटं ‘दान’ करण्याचा धंदा. २०२२ अखेरच्या कायद्याने गुंतवणुकीच्या अडीचपटीहून जास्त वजावट साधारणपणे बंद केली. त्या उद्योगाचा रँचवाल्यांशी काही संबंध नव्हता, पण चौकशीची झळ त्यांनाही लागते.

शहरात टीका होते ती वेगळीच. पैसे आमचे, जमीन दुसऱ्या काउंटीत, आणि आम्हाला आत पाऊलही टाकता येत नाही. तक्रार खोटी नाही. ईझमेंटमध्ये सार्वजनिक प्रवेश नसतो, आणि असता तर बहुतेक मालकांनी सही केली नसती. मतदानात ही योजना चारदा टिकली त्याचं एक कारण म्हणजे त्याच कराचा काही भाग शहरातल्या ओढ्यांकाठच्या पायवाटांना जात होता. लोकांना पाय ठेवायला तेवढी तरी जागा मिळाली.

२०२० मध्ये साथीच्या काळात तो एक-अष्टमांश सेंट मतदारांनी दुसरीकडे वळवला, आधी कामगारांच्या प्रशिक्षणाला आणि २०२६ पासून बससेवेला. जलधरासाठी नगर परिषदेने वेगळी सोय केली: शहराच्या पाणीपुरवठा संस्थेकडून पालिकेला मिळणाऱ्या रकमेच्या आधाराने दहा वर्षांत १० कोटी डॉलर. म्हणजे वर्षाला साधारण १ कोटी. नवी जमीन किती येईल ते मेदिना आणि युवॅल्डीतले भाव ठरवतील. आधीच्या दस्तांची वार्षिक पाहणी मात्र दहा वर्षांनी संपत नाही. तिच्या गाडीचं, माणसांचं आणि वकिलाचं बिल दर वर्षी येतच राहणार आहे, आणि दरम्यान पहिल्या सह्या करणारे मालक एकेक करून जमिनी वारसांच्या हाती देऊ लागलेत.